कॅम्पर गाडीचा रेडिएटर कोल्हापुरात उद्यमनगरात साफ करून घेतला, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, बाकीचं मग. पाचपैकी साडेचार स्टार, आणि जो अर्धा कापलाय तो कामासाठी नाही, जुन्या कूलंटचं (रेडिएटरमधून फिरून इंजिन थंड ठेवणारं द्रव) त्यांनी जे केलं त्यासाठी, ते खाली येईलच. काम एक नंबर. तुमच्याकडे कॅम्पर (आत राहायची सोय असलेली गाडी) असेल, मोटरहोम असेल किंवा मिनीबस घेऊन घरच्या घरी कन्व्हर्ट केलेली गाडी असेल आणि ती सपाटीला निमूट चालते पण घाट लागला की टेंपरेचर वर चढतं, तर नवीन रेडिएटरचे पैसे भरायच्या आधी असल्या एखाद्या जुन्या रेडिएटरवाल्याकडे जाऊन या.

दुकानाचं नाव विचारू नका, बोर्डावरचा रंग उडालाय आणि 'रेडिएटर' एवढंच वाचता येतं. कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर माहीत असेलच, फाउंड्रीवाले, लेथवाले, इंजिनाचं बोअरिंग-ग्राइंडिंग करणारे, त्यातल्याच एका आतल्या गल्लीत एक वयस्कर मिस्त्री आणि हाताखाली दोन पोरं. बाहेर ट्रकचे, ट्रॅक्टरचे, जेसीबीचे रेडिएटर भिंतीला टेकवून ठेवलेले असतात. शोरूमसारखी कॉफी-बिफी, एसीत बसायची सोय वगैरे काही नाही, स्टूल एकच आहे आणि त्यावर बहुतेक वेळा कुणाचा तरी रेडिएटर असतो.

आमच्या गाडीचं थोडं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. डिझेल मिनीबसच्या चॅसीवर बनवलेली कॅम्पर आहे, आत बेड, ओटा, पाण्याच्या दोन टाक्या, लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर, मागच्या भागाला वेगळा एसी. आता बसचं कसं असतं, प्रवासी उतरले की ती हलकी होते, कॅम्पर कधी हलकी होतच नाही, घर सतत पाठीवर. वर ही गाडी वर्षातले कितीतरी महिने पार्किंगमध्ये नुसती उभी असते. लोकांना वाटतं की उभीच आहे ना, किलोमीटर झालेत कुठे, मग रेडिएटरला काय होणार. पण कूलंटमध्ये गंज रोखणारी जी रसायनं असतात ती गाडी उभी असली तरी संपतच जातात, म्हणून कूलंट बदलताना किलोमीटरपेक्षा वर्षं मोजायची. साधा जुन्या पद्धतीचा असेल तर दोन वर्षं, लाँग लाइफवाला असेल तर साधारण पाच. उभ्या गाडीत उंदीर जातात ते वेगळंच.

त्रास असा होता. कोकणातून परत येताना साखरप्याकडून आंबा घाट चढायला लागलं की पाण्याचं टेंपरेचर १०४, १०५, कधी १०६ डिग्री सेल्सिअसपर्यंत जायचं. हे मला डॅशबोर्डवर दिसलं नाही बरं का, ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायचं सॉकेट) ब्लूटूथचं छोटं यंत्र लावलंय त्यामुळे मोबाईलवर दिसलं. बऱ्याच नव्या गाड्यांचा काटा मुद्दाम असा केलेला असतो की ८० काय आणि १०० काय तो मधोमध बसून राहतो, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. हजार रुपयांच्या आत ते यंत्र मिळतं, घाटात जाणाऱ्या प्रत्येक कॅम्परवाल्याने घ्यावं. तर टेंपरेचर चढलं की आम्ही एसी बंद, केबिनचा हीटर फुल्ल, खिडक्या उघड्या आणि एक गिअर खाली, असे घामाघूम होत वर यायचो. हीटर लावल्याने खरंच फरक पडतो, तोही एक छोटा रेडिएटरच आहे, इंजिनाची उष्णता तुमच्या पायावर आणून सोडतो. आणि गिअर खाली घेतला की आरपीएम वाढतात, वॉटर पंप जोरात फिरतो, पाणी जास्त खेळतं.

याआधी पुण्यात एका वॉशिंग सेंटरवर 'रेडिएटर क्लीनिंग पॅकेज' करून घेतलं होतं. त्यांनी समोरची ग्रिल काढली, प्रेशर पंपाने समोरून जोरात पाणी मारलं, वरून कसलीशी बाटली ओतली, अर्धा तास इंजिन चालू ठेवलं, पाणी सोडलं, हिरवं कूलंट भरलं, झालं. समोरून चकचकीत दिसत होतं. त्यानंतरच्या घाटात टेंपरेचर आधीपेक्षा दोन डिग्री जास्तच.

मिस्त्रींनी त्याचं कारण पाच मिनिटांत दाखवलं. सुरुवातीला ते सगळं माझ्या नवऱ्याला सांगत होते, तो बिचारा मान हलवत होता, मग गाडी कोण चालवतं हे कळल्यावर माझ्याकडे वळले आणि त्यानंतर त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही. टॉर्च आणली, मला खाली वाकायला लावलं आणि म्हणाले, "ताई, म्होरनं बघू नका, म्होरनं सगळ्यांचंच सोच्च असतंय. हितनं आत बघा."

आत म्हणजे कुठे, तर पुढून पहिली जाळी एसीच्या कंडेन्सरची, तिच्या मागे इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारी जाळी), आणि त्याच्याही मागे इंजिनाचा खरा रेडिएटर. तीन जाळ्या एकामागे एक, मध्ये बोटभर फट. वारा या तिन्हीतून जाणार तेव्हा इंजिन थंड होणार. पहिल्या जाळीच्या भोकातून जी बारीक धूळ आत जाते ती दुसरीवर किंवा तिसरीवर जाऊन बसते, आणि समोरून प्रेशर मारलं की ती अजून आत ठोकली जाते. वर प्रेशरने जाळीतल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्त्या वाकतात, एकदा पत्ती आडवी झाली की तिथून वारा जायचा बंद.

ग्रिल, बंपर, वरची पट्टी, सगळं काढून तिन्ही जाळ्या सुट्या केल्या तेव्हा इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मध्ये जे निघालं ते बघून मी थक्क झाले. अक्षरशः गोधडीसारखा थर होता, हाताने सोलून काढता येत होता. त्यात कोकणातली तांबडी माती, किडे, वाळकं गवत, आणि सगळ्यात जास्त काय तर उसाच्या तुऱ्याची पिसं. सांगली-कोल्हापूरकडचे लोक ओळखतील, ऊस तुऱ्यावर आला की थंडीत ती पांढरी पिसं हवेत उडत असतात, रस्त्याने जाताना दिसतही नाहीत पण ग्रिलमधून खेचली जातात. कारखाने चालू असतात तेव्हा वरून पाचटाचा आणि बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) भुसा. मिस्त्री म्हणाले की सीझन संपला की त्यांच्याकडे ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर-ट्रक नुसते याच्यासाठी येतात.

आणि हे सगळं चिकटतं कशामुळे हा प्रश्न मी विचारला, कारण कोरडी धूळ असती तर वाऱ्याने उडाली असती. त्यांनी बोट फिरवून दाखवलं, थराला तेलाचा ओलावा होता. इंजिनाच्या ब्रीदर पाइपच्या (इंजिनातली तेलकट वाफ वाहून नेणारा पाइप) जोडाला बारीक गळती होती, तिथून तेलाची वाफ बाहेर पडायची, घाटात हळू चालताना ती पुढच्या भागात घुटमळायची आणि जाळीवर जाऊन बसायची, मग त्यावर धूळ. माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो, त्याच्या ओळखीत मोठ्या मोटरहोमवाले आहेत, त्यांच्यात हा आजार कितीतरी जास्त आहे म्हणे, कारण तिथल्या मोठ्या डिझेल गाड्यांचं इंजिन मागे असतं आणि बऱ्याच गाड्यांत रेडिएटरही मागेच. ब्रीदरमधून निघालेलं तेल सरळ फॅन ओढून घेतो आणि इंटरकूलर-रेडिएटरच्या मध्ये डांबर तयार होतं. मागून बघणाऱ्याला जाळी स्वच्छ दिसते, घाण असते इंजिनाच्या बाजूला. तिथले लोक ब्रीदरचा पाइप वाढवून फॅनच्या वाऱ्याच्या बाहेर नेऊन सोडतात आणि मग धुतात. आमचं कारण छोटं होतं, क्लिप आणि पाइपचा तुकडा बदलला, पण ते न करता नुसती जाळी धुतली असती तर पुढच्या तुऱ्याच्या सीझनला परत तेच.

धुण्याची पद्धत बघण्यासारखी होती. आधी कोरड्या जाळीला मऊ ब्रशने आणि कमी प्रेशरच्या हवेने मागून पुढे, म्हणजे वारा ज्या दिशेने येतो त्याच्या उलट, मोकळं करायचं. पाणी आधी मारलं तर मातीचा चिखल होऊन आत बसतो. मग तेलकटपणासाठी डिग्रीझर फवारून ठेवला, सुकू न देता, आणि साध्या नळाच्या पाइपने परत मागून पुढे धुतलं. प्रेशर पंप त्यांच्याकडे आहे पण जाळीला लावत नाहीत, तो चेसिस धुवायला. कॉस्टिकवालं काहीही ॲल्युमिनियमला लावायचं नाही हे त्यांनी मला दोनदा बजावलं, कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, फेस येतो तो घाणीचा वाटतो पण जाळीच विरघळत असते. तीच गोष्ट संडास साफ करायच्या ॲसिडची, लोक आत ओततात म्हणे आणि महिन्याभराने पिनहोल (टाचणीएवढी भोकं) घेऊन येतात. वाकलेल्या पत्त्या एका पोराने फणीने सरळ केल्या, एक एक, तासभर तेच चाललं होतं. खालच्या कोपऱ्यात काही पत्त्या बोट लावल्यावर पांढरी भुकटी होऊन गळल्या, तो समुद्राच्या खाऱ्या हवेचा प्रताप, बीचवर गाडी लावून झोपायची हौस असेल तर परत आल्यावर पुढून-खालून गोड्या पाण्याने धुवायचंच. त्या भागाला काही करता येत नाही, तेवढी जाळी गेली समजायचं.

आता आतली बाजू. इथे मिस्त्रींनी आधी उगाच उघडाउघडी केली नाही हे मला फार आवडलं. रेडिएटर काढायच्या आधीच इंजिन गरम करून इन्फ्रारेड टेंपरेचर गन जाळीवर फिरवली होती, वरून खाली तापमान हळूहळू उतरायला पाहिजे, आमच्या जाळीत डाव्या बाजूला एक पट्टा एकदम गार होता, म्हणजे तिथल्या नळ्यांतून पाणी फिरतच नव्हतं. पूर्वी हे काम तळहाताने करायचे, अजूनही करतात, गन फक्त गिऱ्हाईकाला दाखवायला असं ते हसत म्हणाले.

जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर असायचे तेव्हा डाग (सोल्डरचा जोड) उकलून रेडिएटरची टाकी काढायची, नळ्यांतून लोखंडी पट्ट्या घालून गाळ काढायचा, परत डाग द्यायचा, अशी पद्धत. आता ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या, त्या कडेने पत्र्याचे दात दुमडून बसवलेल्या असतात आणि मध्ये रबरी गॅस्केट. ॲल्युमिनियमच्या नळ्या इतक्या पातळ की पट्टी घातली तर फाटणार. म्हणून त्यांनी दात अलगद उचलून एकच टाकी उघडली, नळ्यांच्या तोंडावर पांढरा क्षार साचलेला दिसला. बोअरचं पाणी, दुसरं काय. आमच्या आधी गाडी ज्यांच्याकडे होती त्यांनी बहुतेक कूलंट कमी झालं की कुठल्याही ढाब्यावर नळाचं पाणी ओतलेलं. क्षाराचा पातळ थर बसला तरी आतल्या पाण्याची उष्णता धातूपर्यंत पोचायला अडते, आणि नळीच बुजली तर विषय संपला. दात उचलणं एखाद-दुसऱ्या वेळेलाच जमतं, नंतर ते तुटतात, त्यामुळे कुणी दरवर्षी टाकी उघडून साफ करून देतो म्हणाला तर हात जोडून निघून या.

सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्व, कोमट पाण्यात घालून छोट्या पंपाने ते उलट्या दिशेने बरेच तास फिरवलं. मधून मधून पाणी बदलायचे, पहिलं पाणी चहाच्या रंगाचं निघालं, शेवटचं जवळजवळ स्वच्छ. मग साधं पाणी भरपूर. मग नवीन गॅस्केट, दात परत दाबले, दोन्ही तोंडं बंद करून हवा भरली आणि अख्खा रेडिएटर हौदात बुडवला. बुडबुडा आला तर लीक. मी तिथेच उभी होते, नाही आला. इंजिन ब्लॉकमधलं पाणी वेगळं काढलं, रेडिएटरचा खालचा नळ सोडला तर सगळं पाणी येत नाही, बरंचसं ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्येच राहतं, आणि पॅकेजवाले नेमकं तेच तसंच ठेवून वर नवं कूलंट भरतात.

या सगळ्यात मला सर्वात भारी वाटलं ते मल्टिमीटरचं. हे मी आधी कधी बघितलं नव्हतं. एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी नुसती कूलंटमध्ये बुडवलेली, धातूला न लावता. व्होल्टेज ०.३ च्या खाली पाहिजे म्हणाले. इंजिन बंद, सगळं बंद, तेव्हा ठीक होतं. मग मला इन्व्हर्टर आणि मागचा एसी चालू करायला लावला आणि आकडा चढला. म्हणजे आमच्या घराच्या भागाची अर्थिंग नीट नव्हती आणि करंट परत जायला वाट शोधत कूलंटमधून जात होता, यात ॲल्युमिनियम आतून कुरतडलं जातं. कॅम्पर बनवताना जो तो आपापल्या हिशोबाने वायरी ओढतो, कुणी चॅसीला नट मारतो, कुणी रंगावरच, त्यामुळे आपल्या गाड्यांत हे चेक करायलाच हवं, साध्या बसवाल्याला याची तितकी गरज पडत नसेल. अर्थिंगचा नट ढिला सापडला, खरवडून घट्ट केला, आकडा खाली आला. यासाठी वेगळे पैसे घेतले नाहीत.

थर्मोस्टॅटवरून मात्र आमच्या दोघांचं नाही, त्यांचं आणि शेजारच्या गॅरेजवाल्याचं वाजलं. तो येऊन म्हणाला की एवढं करण्यापेक्षा थर्मोस्टॅट वॉल (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाका, गाडी आयुष्यात गरम होणार नाही. आपल्याकडे हा सल्ला प्रत्येक चौकात मिळतो. मिस्त्री म्हणाले, "काढला की गाडी थंड ऱ्हाती म्हणत्यात, पर तसं नसतंय. इंजिन गरम व्हायला बी पायजेल की." आणि बरोबर आहे ते, थर्मोस्टॅट ८२ ते ८८ च्या आसपास उघडतो, तोपर्यंत इंजिनाला कामाच्या गरमीवर यायला मदत करतो, तो नसेल तर इंजिन सतत अर्धगार चालतं, डिझेल जास्त पितं, ऑइलमध्ये कचरा वाढतो, आणि काही इंजिनांत तर तो उघडताना बायपासची वाट बंद करतो, काढला तर अर्धं पाणी रेडिएटरला न जाताच परत फिरतं आणि घाटात गाडी उलट जास्त तापते. त्यांनी आमचा थर्मोस्टॅट पातेल्यात गरम पाण्यात टाकून दाखवला, वेळेवर उघडला, परत बसवला. शेजारी हात झटकत गेला.

रेडिएटरचा ढक्कन बदलला. याला लोक किंमतच देत नाहीत, दोन-तीनशे रुपयांची वस्तू पण रेडिएटरचं निम्मं काम तिच्यावर आहे. ढक्कनावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, म्हणजे आत तेवढा बार प्रेशर धरून ठेवायचा. १.१ बारला साधं पाणीसुद्धा १२० च्या वर उकळतं, ढक्कनाचं रबर गेलं की तेच पाणी १०० ला उकळणार, आणि लेहसारख्या साडेतीन हजार मीटरवर तर ८८ च्या आसपासच. आमच्या ढक्कनाचं रबर चिरलेलं होतं. आकडा बघूनच ढक्कन घ्यायचा, जास्त आकड्याचा लावला तर जुने होज (रबरी पाइप) आणि प्लॅस्टिकच्या टाक्या फुटतात. आणि गरम असताना ढक्कन उघडायचा नाही हे सगळ्यांना माहीत असतं तरी दर उन्हाळ्यात कुणीतरी भाजतंच, फडकं टाकून पण नाही, प्रेशर सुटलं की आतलं सगळं एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं.

कूलंटबद्दल त्यांचं ज्ञान ठीकठाक, इथे मी माझंच घेऊन गेले होते. रंगावर जाऊ नका, हिरवा म्हणजे अमुक आणि लाल म्हणजे तमुक असा काही पक्का नियम नाही, कंपनी वाटेल तो रंग घालते. गाडीच्या पुस्तकात जो टाइप लिहिलाय तो घ्यायचा आणि दोन वेगळे टाइप एकत्र ओतायचे नाहीत, काही जोड्यांचा आत गाळ होतो. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) असेल तर डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड पाण्यात निम्मं-निम्मं. काही लोक जास्त चांगलं म्हणून नुसतं कॉन्सन्ट्रेट भरतात, ते चूक, ग्लायकॉलपेक्षा (कूलंटमधला मुख्य घटक) पाणी उष्णता जास्त वाहून नेतं, म्हणजे नुसत्या ग्लायकॉलने इंजिन कमी थंड होतं. आणि गंमत म्हणजे थंडीतही तेच, निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ पर्यंत गोठत नाही पण नुसतं ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठायला लागतं. स्पिती-लडाखवाल्यांनी लक्षात ठेवा.

भरल्यावर आत अडकलेली एअर काढायला त्यांनी चांगला वेळ दिला. गाडीचं नाक चढाकडे करून लावली, हीटर फुल्ल गरमवर, ढक्कन उघडा ठेवून थंड इंजिनापासून सुरुवात, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत भर घालत राहिले. वॉटर पंपाच्या (इथे सगळे पंपाला वॉटर बॉडी म्हणतात) खालच्या छोट्या भोकातून गळतंय का ते बघितलं, होज दाबून बघितले, एक पिचपिचीत लागला तो बदलला. बोलता बोलता हळदीचा विषय निघाला. रेडिएटर लीक झाला की ट्रकवाले हळद टाकतात, ती बारीक भोक बुजवते हे खरंय, पण बारीक नळ्याही बुजवते. एक उघडून ठेवलेली टाकी दाखवली, आत पिवळा लगदा. दुकानात मिळणाऱ्या लीक बंद करायच्या पावडरीचंही तेच, अडल्या जागी गावापर्यंत पोचण्यापुरतं ठीक, तेच कायमचं ठेवून फिरणारे पण आहेत.

खर्च. मजुरी, गॅस्केट, सफाई, टेस्टिंग धरून साडेपाच हजारांच्या आसपास, ढक्कन, होज आणि कूलंट वेगळं. पुण्यात मला नवीन रेडिएटरचं अठरा हजारांचं कोटेशन मिळालं होतं, मजुरी सोडून, आणि तो नवीन रेडिएटर त्याच गोधडीच्या मागे बसवला असता. काम सकाळी दिलं तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी मिळाली, सायट्रिकचं फिरवणं रात्रीही चालू होतं. गाडीतच राहणाऱ्यांनी लॉज बघून ठेवावा, बोनेट उघडं आणि पुढचा भाग सुटा असताना गल्लीत झोपायला मजा नाही. जेवणाची काळजी कोल्हापुरात करायची नसते, आम्ही कटवड्यावर होतो.

निकाल. त्यानंतर भुईबावडा घाट चढलो, भर दुपारी, पाण्याच्या टाक्या भरलेल्या, एसी चालू. ९४, ९५, एका लांब चढाला ९७, आणि वर आल्यावर दोन-तीन मिनिटांत परत ८८. आधी वर येऊन थांबलं तरी उतरायला पाव तास लागायचा, मला खरा फरक तिथे जाणवला. डिझेल ॲव्हरेज वाढलं वगैरे मी सांगणार नाही, मोजलेलं नाही.

आता अर्धा स्टार. जुनं कूलंट त्यांनी आधी कॅनमध्ये धरलं म्हणून मी खूश झाले, आणि संध्याकाळी तोच कॅन गटारात रिकामा केला. एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड, कुत्री-मांजरं चाटतात आणि किडनी जाऊन मरतात, गल्लीत चार कुत्री फिरत होती. मी बोलले, मिस्त्रींनी ऐकून घेतलं, "एवढं कोण बघतंय ताई" म्हणाले. गाड्यांचं काम इतकं जीव लावून करणाऱ्या माणसाने हे करू नये असं मला वाटतं. तुम्ही गेलात तर रिकामे कॅन सोबत न्या आणि जुनं कूलंट तुमच्या ताब्यात घ्या, नंतर जिथे घातक कचरा घेतात तिथे द्या, आणि हे आधीच सांगून ठेवा.

बाकी बारीकसारीक. पक्कं बिल मिळत नाही, वहीच्या कागदावर हिशोब लिहून देतात, कंपनीच्या नावावर खर्च दाखवायचा असेल तर उपयोग नाही. वॉरंटी लेखी नाही, गळलं तर घेऊन या म्हणाले. फोन उचलत नाहीत, सरळ जायचं, पण ऊस हंगाम संपल्यावरचा महिना टाळा, ट्रॅक्टरवाल्यांची रांग असते. पावसाळ्याच्या आधी गेलात तर बरं, तेव्हा तुऱ्याचा आणि उन्हाळ्याचा सगळा कचरा एकदम निघतो. आणि ज्यांच्या छतावर एसी किंवा सोलर आहे त्यांनी मुख्य रस्त्याकडून गल्लीत शिरू नका, विजेच्या वायरी खाली लोंबतायत, मागच्या बाजूने फाउंड्रीच्या भिंतीला लागून रस्ता आहे तिथून आमची तीन मीटरच्या आसपासची गाडी आरामात आत गेली, बाहेर मात्र रिव्हर्सच काढावी लागते.